गुडघ्याची लिगामेंट: पुस्तकातली चार आणि प्रत्यक्षातली

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थ्याला वर्गात चार लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, शिकवली: सांध्याच्या आत एकमेकांना छेदणारी दोन क्रूसिएट, म्हणजे पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल, शिवाय आतल्या बाजूचं एमसीएल आणि बाहेरच्या बाजूचं एलसीएल. रुग्णांचे एमआरआय अहवाल वाचताना मात्र कुठे ‘हम्फ्री’, कुठे ‘रिस्बर्ग’, कुठे ‘ट्रान्सव्हर्स लिगामेंट’ भेटतं, तर कुठे त्यांचा उल्लेखही नसतो. अँटेरोलॅटरल (बाहेरच्या-पुढच्या बाजूचं) लिगामेंट एका शोधनिबंधात ९७ टक्के गुडघ्यांत आहे, दुसऱ्यात निम्म्यांतच. मग ही रचना माणसागणिक खरंच इतकी बदलते का? आणि बदलत असेल, तर तपासणीत आणि शस्त्रक्रियेत त्याने नेमकं कुठे अडतं?

बदलते, पण सगळीकडे सारखी नाही. मुख्य चार लिगामेंट जवळजवळ प्रत्येक गुडघ्यात असतात. त्यांच्यात बदलतो तो आकार, रुंदी आणि हाडाला चिकटण्याची जागा. ‘आहे की नाही’ हा प्रश्न येतो तो बारीक, दुय्यम लिगामेंटांच्या बाबतीत. आणि त्यांच्या टक्केवारीतली तफावत पुष्कळदा गुडघ्यांमधली नसते, शोधणाऱ्यांच्या पद्धतीतली असते. त्यामुळे कुठलाही आकडा वाचताना आधी पाहायचं ते हे, की गुडघा कसा उघडला आणि कशाला लिगामेंट म्हटलं.

हम्फ्री आणि रिस्बर्ग

बाहेरच्या मेनिस्कसच्या, म्हणजे बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकापासून निघून मांडीच्या हाडाच्या आतल्या कॉन्डाइलकडे (खालच्या टोकाच्या गोल फुगवट्याकडे) तिरके वर जाणारे हे दोन पट्टे. पीसीएलच्या पुढून जातो तो हम्फ्री, मागून जातो तो रिस्बर्ग. रिस्बर्ग अठराव्या शतकातले ग्योटिंगेनचे शरीररचनाशास्त्रज्ञ, हम्फ्री एकोणिसाव्या शतकातले केंब्रिजचे. म्हणजे या पट्ट्यांत नवं काही नाही, तरी त्यांची मोजदाद अजून चालूच आहे.

लंडनमधल्या गुप्ते आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ८४ गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना ९३ टक्के गुडघ्यांत दोहोंपैकी किमान एक पट्टा सापडला, तर दोन्ही पट्टे असलेले गुडघे साधारण निम्मे होते. जुन्या अभ्यासांतले काही आकडे यापेक्षा बरेच कमी आहेत, आणि त्याचं कारण विच्छेदनाच्या वाटेत आहे. मागून गुडघा उघडला, पोटरीच्या स्नायूची दोन डोकी बाजूला सारली, मागचं कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण, कापलं, की रिस्बर्ग समोरच पीसीएलवर आडवा पडलेला दिसतो. हम्फ्री मात्र पीसीएलच्या पुढच्या अंगाला चिकटून असतो, मागून तो दिसतच नाही. त्याला गाठायचं तर मांडीचं हाड खालच्या टोकाला उभं चिरून आतला कॉन्डाइल वेगळा करावा लागतो, किंवा एसीएल कापून पुढून पाहावं लागतं. शिवाय त्याच्यावरचं सायनोव्हियमचं पातळ अस्तर सोलून काढलं नाही, तर तो पीसीएलचाच एक तंतू वाटतो आणि मोजणीतून निसटतो.

शस्त्रक्रियेत सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून (आर्थ्रोस्कोपमधून) पाहताना हाच घोटाळा वेगळ्या रूपात होतो. पुढून आत शिरल्यावर पीसीएल म्हणून जे दिसतं, त्याचा पुढचा पदर कधी कधी हम्फ्रीच असतो. ओळखायच्या खुणा दोन. हम्फ्रीचे तंतू पीसीएलच्या तंतूंपेक्षा जास्त तिरके असतात. आणि मांडीच्या हाडाजवळ त्याला प्रोबने (बारीक आकडीने) हलकेच ओढलं, तर बाहेरची गादी हलते; पीसीएल ओढून गादी हलत नाही. ही ओढून पाहण्याची खूण पीसीएलची शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या अंगवळणी पडायला हवी. पीसीएल पूर्ण तुटलेलं असताना हम्फ्री शाबूत असेल, तर ‘पीसीएल अर्धवटच तुटलंय’ असा चुकीचा निष्कर्ष सहज निघतो.

हे पट्टे नुसते शोभेचे नाहीत. प्रयोगशाळेत गुडघा ९० अंशांत वाकवून नडगी मागे ढकलली, तेव्हा होणाऱ्या विरोधात या दोन पट्ट्यांचा वाटा शाबूत गुडघ्यात सुमारे २८ टक्के आणि पीसीएल कापल्यावर सुमारे ७० टक्के निघाला. दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडून पीसीएल गेलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर. त्यांच्यातल्या काहींची नडगी अपेक्षेपेक्षा कमी मागे सरकते, याचं एक पटण्याजोगं कारण हे आहे. म्हणून जुनं पीसीएल काढून नवं बसवताना हे पट्टे शेव्हरखाली (आतलं ऊतक खरवडणाऱ्या यंत्राखाली) सरसकट साफ करू नयेत.

अँटेरोलॅटरल लिगामेंटचा वाद

पॅरिसचे शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी १८७९ साली गुडघ्याच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूला मोत्यासारखी चमक असलेला एक चिवट तंतुमय पट्टा नोंदवला. नडगी आत पिळली, की हा पट्टा ताणला जातो. त्याच जागी हाडाचा कपचा उडतो, त्याला आज सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात. क्ष-किरणांचा शोध त्यानंतरचा, १८९५ चा, म्हणजे सेगाँकडे एक्स-रे नव्हताच. सेगाँने हे सगळं मृतदेहांच्या गुडघ्यांवर पिळवटून पाहिलं होतं. त्यामुळे २०१३ साली वृत्तपत्रांनी ‘माणसाच्या शरीरात नवं लिगामेंट सापडलं’ अशा बातम्या दिल्या त्या फुगवलेल्या होत्या. बेल्जियममधल्या क्लाएस आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी त्याचं नीट मोजमाप केलं आणि ४१ पैकी ४० गुडघ्यांत ते दाखवलं, इतकंच.

त्यानंतरच्या अभ्यासांत आकडे निम्म्यापासून जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत पसरले. गर्भाच्या गुडघ्यांत काहींना ते मुळीच दिसलं नाही, काहींना सर्वत्र दिसलं. इतकी तफावत का, हे विच्छेदनाच्या पायऱ्या पाहिल्या की कळतं. आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूने उतरणारा इलिओटिबियल बँड वरून आडवा कापून, तो नडगीला जिथे चिकटतो त्या गर्डीच्या उंचवट्यापर्यंत खाली सोलत न्यायचा. इथेच पहिली चूक होते: बँडचे खोल थर हाताला कॅप्सूलपासून सुटे वाटत नाहीत, सुरी जरा खोल गेली की पट्टा बँडबरोबर निघून जातो, आणि जरा वरवर गेली की बँडचेच खोल तंतू लिगामेंट म्हणून मोजले जातात. मग एलसीएल ओळखून घ्यायचं. गुडघा ३० ते ६० अंशांत वाकवून नडगी आत फिरवायची आणि कॅप्सूलमध्ये कोणते तंतू ताठ होतात ते पाहायचं. जे ताठ होत नाहीत ते मागून आणि पुढून कापत यायचं. मधे जे उरतं ते अँटेरोलॅटरल लिगामेंट.

आता यात हाताचं कौशल्य किती आणि निसर्ग किती, हे तुम्हीच ठरवा. कापत कापत आलं की कॅप्सूलमधूनही पट्टा ‘घडवता’ येतो, हा टीकाकारांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला गुडघा ताठर असतो, त्यात नडगी फिरवून तंतू ताणायची पायरीच धड होत नाही. ताज्या गोठवलेल्या गुडघ्यात ती होते. माझं मत असं, की बाहेरच्या-पुढच्या कॅप्सूलमध्ये जाड झालेला पट्टा बहुतेकांत असतो, पण त्याची जाडी इतकी कमी-जास्त असते, की एका टोकाला ठळक लिगामेंट आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम दाट कॅप्सूल. मधे रेघ कुठे ओढायची हा ओढणाऱ्याचा निर्णय.

नडगीवरची त्याची जागा बऱ्यापैकी ठरलेली आहे: गर्डीचा उंचवटा आणि फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बारीक हाडाचं) डोकं यांच्या साधारण मध्यावर, सांध्याच्या रेषेपासून थोडी खाली. मांडीच्या हाडावरची जागा मात्र वादाची. क्लाएसच्या वर्णनात ती एलसीएलच्या किंचित पुढे आहे, नंतरच्या बहुतेकांच्या मते बाहेरच्या एपिकॉन्डाइलच्या (कॉन्डाइलवरच्या उंचवट्याच्या) मागे आणि वर. हा फरक काही मिलिमीटरचाच, पण शस्त्रक्रियेत तो भोवतो. पुढे किंवा खाली बसवलेला ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा पट्टा) गुडघा वाकवताना आवळतो, आणि वाकणं कमी होतं.

एसीएलबरोबर बाहेरच्या बाजूलाही आधार द्यावा का, याचं उत्तर या वादावर अवलंबून नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅबिलिटी चाचणीत पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असलेले ६१८ तरुण रुग्ण होते. नुसतं हॅमस्ट्रिंगचं (मांडीमागच्या टेंडनपासून बनवलेलं) एसीएल केलेल्यांत दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट तुटले. जोडीला इलिओटिबियल बँडची पट्टी वळवून बाहेरून आधार दिलेल्यांत ४ टक्के. तिथे कोणी अँटेरोलॅटरल लिगामेंट शोधून ‘दुरुस्त’ केलं नव्हतं. ते आहे की नाही हे न ठरवताही उपाय काम करतो.

एमआरआयमधले सापळे

व्यवहारात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. नसलेली फाट अहवालात येते आणि धडधाकट गुडघ्यात दुर्बीण जाते.

बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाशी हम्फ्री किंवा रिस्बर्ग जिथे मिळतो, तिथे दोघांमध्ये थोडी चरबी असते. सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या) कापांत ती उभी-तिरकी चमकदार रेघ दिसते, हुबेहूब फाटीसारखी. ही रेघ एकामागून एक कापांत बाहेरच्या दिशेने पाहत जावी. एकदोन कापांत संपली आणि कॉरोनल (समोरून दिसणाऱ्या) कापांत पट्टा तिथूनच निघताना दिसला, तर ती जोडणी आहे. पीसीएलपासून बाहेरच्या दिशेला १४ मिलिमीटरच्या पलीकडेही रेघ चालू राहिली, तर खरी फाट समजून चालावं, विशेषतः सोबत एसीएल तुटलेलं असेल तेव्हा. एसीएलच्या दुखापतीत याच जागी खऱ्या फाटी होतात, म्हणून ‘इथे नेहमी खोटीच रेघ असते’ असं म्हणून सोडून देणंही तितकंच चूक.

पुढच्या बाजूला हीच गंमत ट्रान्सव्हर्स लिगामेंट करतं. दोन्ही गाद्यांची पुढची टोकं जोडणारा हा आडवा पट्टा २००० सालच्या एका विच्छेदन अभ्यासात ५० पैकी ४७ गुडघ्यांत होता; एमआरआयवर तो त्याहून कमी वेळा दिसतो. सगळ्यांत तो गादीपासून गादीपर्यंत जातोच असं नाही. काहींत एक टोक किंवा दोन्ही टोकं कॅप्सूलमध्ये विरतात. बाहेरच्या गादीच्या पुढच्या टोकाजवळ तो आणि गादी यांच्यामधली चरबी फाटीसारखी दिसते. गोल काळा ठिपका वाटीखालच्या चरबीतून शेजारच्या कापांत पुढे सरकत गेला, की ते लिगामेंट. बाहेरच्या गादीच्या नुसत्या पुढच्याच टोकाची फाट तशी कमी आढळते, तेव्हा अहवालात ती एकटीच लिहिलेली दिसली, तर प्रतिमा स्वतः पाहाव्यात. नडगीत रॉड घालताना हाच पट्टा कापला जाण्याचा संभव असतो, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा सापळा दुर्मीळ, पण चुकलं तर महागात जाणारा. एका गादीच्या पुढच्या टोकापासून दुसरीच्या मागच्या टोकापर्यंत तिरका जाणारा पट्टा काही थोड्या लोकांत असतो. तो एसीएल आणि पीसीएल यांच्या मधून जातो, त्यामुळे बकेट-हँडल फाटीचा (यात गादीची लांब पट्टी फाटून सांध्याच्या मध्यात जाते) सरकलेला तुकडा वाटतो. फरक सोपा आहे: खऱ्या बकेट-हँडलमध्ये गादी जागेवर लहान उरलेली असते, कारण तिचाच भाग निघून गेलाय. इथे दोन्ही गाद्या पूर्ण आकाराच्या असतात. रुग्णाचा गुडघा अडकत नसेल आणि पूर्ण सरळ होत असेल, तर आणखी शंका घ्यावी.

गुडघ्यामागच्या पॉप्लिटियस स्नायूचा टेंडन बाहेरच्या गादीच्या मागून जातो, तिथली फटही फाट म्हणून वाचली जाते. शिवाय चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करणारे तंतू कमी टीईच्या (इको टाइमच्या, म्हणजे संकेत टिपण्याच्या वेळेच्या) प्रतिमांत फसवे उजळ दिसतात. पीसीएलचा वरचा भाग आणि हा टेंडन त्यात हमखास सापडतात. लांब टीईच्या टी-२ प्रतिमेत तो उजळपणा गेला, तर दुखापत नाही.

डिस्कॉइड, म्हणजे चकतीसारख्या, गादीचा उल्लेख इथे करतो, कारण तिचा एक प्रकार मुळात लिगामेंटचाच बिघाड आहे. वातानाबे वर्गीकरणातल्या रिस्बर्ग प्रकारात बाहेरच्या गादीचा मागचा भाग नडगीला आणि कॅप्सूलला बांधलेलाच नसतो. त्याला धरून असतो तो फक्त रिस्बर्गचा पट्टा. गुडघा सरळ करताना गादी आत ओढली जाते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. रुग्ण बहुधा लहान मूल किंवा किशोर असतं. एमआरआयवर गादीचा आकार जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो, म्हणून अहवाल नॉर्मल आणि मूल मात्र लंगडतंय अशी स्थिती येते. दुर्बिणीत प्रोबने मागचा भाग पुढे ओढून पाहिल्याशिवाय निदान होत नाही. अशा गादीला नुसतं तासून भागत नाही, मागचा काठ कॅप्सूलला टाके घालून बांधावा लागतो. नाहीतर तक्रार तशीच राहते. तासायची असेल तेव्हाही बाहेरचा ६ ते ८ मिलिमीटरचा काठ राखावा.

एसीएल: असतंच, पण कसं असतं

नेहमीचं वर्णन दोन जुड्यांचं आहे, पुढची-आतली आणि मागची-बाहेरची. काहींनी तिसरी, मधली जुडीही मांडली. पोलंडच्या स्मिगेल्स्की आणि सहकाऱ्यांनी १११ गुडघे पाहून २०१५ मध्ये सांगितलं, की वरचं सायनोव्हियम काढलं तर मांडीच्या हाडापासून मध्यापर्यंत एसीएल ही एक चपटी फीत असते, जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर आणि मध्यावर रुंदी ११ मिलिमीटरच्या आसपास. खाली नडगीवर ती पसरते. तिथला ठसा, म्हणजे हाडाला चिकटण्याची जागा, कुणात लंबवर्तुळाकार, कुणात त्रिकोणी, कुणात इंग्रजी ‘सी’सारखा, आणि त्या ‘सी’च्या पोकळीत बाहेरच्या गादीचं पुढचं मूळ बसलेलं. ग्राफ्टसाठीचा नडगीचा बोगदा या ठशाच्या मध्यावर गोल ड्रिलने पाडला आणि ठसा ‘सी’ आकाराचा असला, तर ते मूळ कापलं जाऊ शकतं. ड्रिल जितकं मोठं, तितका धोका जास्त. गादीचं मूळ गेलं म्हणजे गादी असून नसल्यासारखी.

नडगीवरच्या ठशाची पुढून-मागे लांबी साधारण १२ ते २२ मिलिमीटरच्या मर्यादेत बदलते. म्हणजे एकाच मापाची शस्त्रक्रिया सगळ्यांना बसणार नाही. ठसा १४ मिलिमीटरहून लहान असेल, तर दोन जुड्यांचा ग्राफ्ट बसवायला जागाच नसते, तिथे एकच करावा. १८ मिलिमीटरहून मोठ्या ठशावर एकच बारका ग्राफ्ट मूळ लिगामेंटचा थोडाच भाग भरून काढतो. मांडीच्या हाडाच्या दोन कॉन्डाइलमधल्या खाचेची रुंदीही मोजावी. अरुंद खाचेत जाड ग्राफ्ट कोंबला, की तो छताला घासतो आणि गुडघा शेवटचे काही अंश सरळ होत नाही. दुर्बीण आत गेल्यावर खुणा केलेल्या प्रोबने किंवा वाकणाऱ्या पट्टीने ही मापं घ्यायला फार वेळ लागत नाही. ती न घेण्याचं मला कारण दिसत नाही.

मांडीच्या हाडावर एसीएल कुठे बसतं याची खूण म्हणजे बाहेरच्या कॉन्डाइलच्या आतल्या भिंतीवरचा बारीक कंगोरा. गुडघा ९० अंशांत वाकवला, की एसीएल पूर्णपणे या कंगोऱ्याच्या खालच्या अंगाला असतं. सगळ्यांत तो सारखा ठळक नसतो, आणि जुन्या दुखापतीत तर झिजलेला असतो. तिथे तुटक्या लिगामेंटचे उरलेले तंतू शेव्हरने सफाचट करण्याआधी जागा खुणवून ठेवावी, किंवा सी-आर्मवर (शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्रावर) क्वाड्रंट पद्धतीने, चौकट आखून पडताळावी. कंगोऱ्याच्या वर, छताजवळ बोगदा पडला, की ग्राफ्ट उभा बसतो: लॅकमन चाचणी (नडगी पुढे ओढून पाहण्याची) छान घट्ट येते, पिव्हट शिफ्ट (नडगी पिळून पाहताना ती निसटणं) मात्र तशीच राहते, आणि कबड्डीपटू ‘वळताना गुडघा सुटतो’ म्हणत परत येतो.

दुर्बिणीतून आत शिरताच समोर जो पडदा किंवा दोर दिसतो, तो पुष्कळदा एसीएल नसतोच. वाटीखालच्या चरबीपासून खाचेच्या छताकडे जाणारी ती सायनोव्हियमची घडी असते, जुनं नाव लिगामेंटम म्युकोसम. कुणात ती नसतेच, कुणात बारीक दोरा, कुणात पूर्ण उभा पडदा. शिकाऊ डॉक्टर तिलाच शाबूत एसीएल समजतात. ती बाजूला करून बाहेरची भिंत पाहावी. भिंत रिकामी असेल, तर एसीएल गेलेलं आहे, मग समोर काहीही ताणलेलं दिसो. तुटलेलं टोक पीसीएलला चिकटून बरं झालेलं असतं, तेव्हाही हीच रिकामी भिंत सत्य सांगते.

आणि क्वचित एसीएल जन्मापासूनच नसतं. बहुधा मांडीचं हाड किंवा फिब्युला जन्मतः आखूड असलेल्या मुलांत हे दिसतं. पडल्याचा इतिहास नाही, लॅकमन मात्र सैल. एक्स-रेवर खाच अरुंद आणि नडगीच्या माथ्यावरचे हाडाचे काटे चपटे किंवा गायब. २००६ च्या मानर वर्गीकरणात तीन पायऱ्या आहेत: एसीएल खुरटलेलं किंवा नाही पण पीसीएल ठीक, एसीएल नाही आणि पीसीएल खुरटलेलं, दोन्ही नाहीत. अशा गुडघ्यात हम्फ्रीचा पट्टा जाडजूड होऊन दिसू शकतो आणि एमआरआयवर त्यालाच क्रूसिएट म्हटलं जातं. या मुलांत मांडीचं हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया करायची असेल, तर आधी ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. लांबवताना स्नायू ताणले जातात, नडगी मागे सरकते आणि सांधा निखळू शकतो. म्हणून फिक्सेटर (हाड बाहेरून धरणारी चौकट) गुडघ्याच्या पलीकडे नडगीपर्यंत नेतात.

बाहेरचा-मागचा कोपरा

इथली विविधता सर्वांत गोंधळाची. एलसीएल आणि पॉप्लिटियसचा टेंडन भरवशाचे. पॉप्लिटिओफिब्युलर लिगामेंटही बहुतेक गुडघ्यांत सापडतं. बाकीचे बदलतात. सीबाकर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ३५ गुडघ्यांत पाहिलं, की आर्क्युएट आणि फॅबेलोफिब्युलर ही दोन्ही लिगामेंट ६७ टक्क्यांत होती, नुसतं फॅबेलोफिब्युलर २० टक्क्यांत आणि नुसतं आर्क्युएट १३ टक्क्यांत. फॅबेला, म्हणजे पोटरीच्या स्नायूच्या बाहेरच्या डोक्यातलं छोटं हाड, मोठं असेल तर फॅबेलोफिब्युलर जाड आणि आर्क्युएट बारीक असतं. म्हणून एमआरआयवर आर्क्युएट दिसलं नाही, एवढ्यावर ‘फाटलं’ लिहू नये. एक्स-रे आधी पाहावा. फॅबेला सापडली तर उत्तर बहुधा तिथेच असतं.

फॅबेलाचं प्रमाण लोकसमूहागणिक वेगळं आहे, आशियात जास्त. बर्थोम आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जगभरच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की १९१८ च्या सुमारास ११ टक्के असलेलं हे प्रमाण २०१८ पर्यंत ३९ टक्क्यांवर गेलं. सुधारलेल्या पोषणामुळे उंची आणि स्नायू वाढले, हे त्यांनी सुचवलेलं कारण. मला ते शक्य वाटतं, सिद्ध झालेलं नाही. एक्स-रेवर फॅबेलाला सांध्यातला सुटा तुकडा समजण्याची चूक जुनीच आहे. सुटा तुकडा जागा बदलतो, फॅबेला बाहेरच्या कॉन्डाइलमागेच असते.

एलसीएल हाताने तपासता येतं. रुग्णाला एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगा. फिब्युलाच्या डोक्यापासून वर जाणारं ते सुतळीसारखं ताठ लागतं. दुसऱ्या पायावरही पाहा. एका बाजूला लागतं आणि दुखापतीच्या बाजूला लागत नाही, तर संशय पक्का. दोन्हीकडे अस्पष्ट असेल, तर निष्कर्ष काढू नका.

हाच नियम सैलपणालाही लागू. सांध्यांचा सैलपणा मोजणारं बेटन गुणांकन नऊपैकी असतं, त्यात दोन गुण गुडघ्यांचे: १० अंशांहून जास्त उलटा वाकला की प्रत्येकी एक. अशा मुळात सैल माणसाचं लॅकमन दोन्ही बाजूंना लांब सरकतं. दोन बाजूंत ३ मिलिमीटर किंवा अधिक फरक आणि शेवटचा टोकाचा थांबा मऊ, या गोष्टी दुखापत सांगतात; नुसता एका गुडघ्याचा आकडा काही सांगत नाही. दुसऱ्या गुडघ्याचीही आधी दुखापत झालेली असेल, तर ही तुलना कोसळते, म्हणून आधी तेवढं विचारून घ्या.

आतल्या बाजूला एमसीएल फार खेळ करत नाही. वरच्या थराचं खालचं टोक सांध्याच्या रेषेपासून सुमारे सहा सेंटिमीटर खाली असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. बऱ्याच जणांना ते सांध्यालगत वाटतं आणि खालची फाट तपासायचीच राहते.

एमपीएफएल, म्हणजे वाटीला आतून धरणारा पट्टा, वेगळी गोष्ट आहे. १९८१ च्या एका अभ्यासात तो २० पैकी ७ गुडघ्यांत सापडला, १९९३ च्या दुसऱ्यात ३३ पैकी २९ मध्ये. आज तो जवळजवळ सगळ्यांत असतो असं मानतात. फरक पडला तो मांडीचा आतला स्नायू खालून उचलून दुसऱ्या थरात शोधल्यामुळे. वाटीकडे त्याचे तंतू पंख्यासारखे पसरतात आणि काही थेट क्वाड्रिसेप्सच्या (मांडीच्या पुढच्या स्नायूच्या) टेंडनला मिळतात. किती वाटीला आणि किती टेंडनला, हे माणसागणिक बदलतं. म्हणून वाटी लहान असेल किंवा ड्रिलने फुटण्याची भीती असेल, तर ग्राफ्टचं ते टोक टेंडनला बांधणं शरीररचनेच्या विरुद्ध जात नाही.

मांडीच्या हाडावरची जागा मात्र सैल सोडता येत नाही. ती आतला एपिकॉन्डाइल आणि अॅडक्टरचा उंचवटा यांच्या मधल्या खोलगट भागात असते. शोटल बिंदू, म्हणजे अचूक बाजूच्या एक्स-रेवर मागच्या कॉर्टेक्सच्या (हाडाच्या कठीण बाह्य थराच्या) रेषेच्या १ मिलिमीटर पुढे आणि कॉन्डाइलच्या मागच्या सुरुवातीपासून अडीच मिलिमीटर खाली, हा सरासरीवरून काढलेला आहे. तो सुरुवात म्हणून घ्यावा. पिन घातल्यावर ग्राफ्ट तिच्याभोवती धरून गुडघा पूर्ण वाकवून-सरळ करून पाहावा. वाकवताना ग्राफ्ट आवळला, तर पिन फार वर आहे, खाली घ्यावी. वाकवताना किंचित सैल पडला तर ठीक. हाडाची वाढीची पट्टी अजून उघडी असलेल्या मुलांत ही जागा पट्टीच्या अगदी लगत येते, बहुधा किंचित खाली. तिथे ड्रिलची दिशा खाली आणि पुढे ठेवावी, आणि पुढून-मागून व बाजूने अशा दोन्ही प्रतिमा घेतल्याशिवाय बोगदा पाडू नये. बाजूच्या एकाच प्रतिमेत पट्टीच्या वक्रतेमुळे जागा प्रत्यक्षापेक्षा वर असल्यासारखी दिसते.